फक्त शेवटचा रकाना

३ मार्च

चिंगीस,

माझं पत्र बघून कुणी गेलं की काय असं वाटून घेऊ नकोस. मी धडधाकट आहे. हे कामाचं पत्र आहे.

दोन वर्षं आपण बोललेलो नाही, तेव्हा प्रस्तावनेत वेळ घालवत नाही. तुझ्या चष्म्याच्या दुकानात ते जाडजूड रजिस्टर आहे, त्यात माझ्या डोळ्यांच्या नंबरांची बावीस वर्षांची नोंद आहे. त्यातली ऑपरेशनच्या आधीच्या तीन वर्षांची नोंद मला सहीशिक्क्यासह हवी आहे. ज्या हॉस्पिटलात मी लेसरने नंबर घालवून घेतला, त्यांच्याविरुद्ध मी तक्रार केली आहे. सव्वीस पानांची. तक्रार समिती म्हणते, ऑपरेशनआधी डोळे कसे होते त्याचा पुरावा आणा. सुनावणी तीस एप्रिलला आहे.

एक सूचना. पूर्ण पान पाठवायची गरज नाही. फक्त शेवटचा रकाना पाठव, ज्यात तू 'चष्म्यासह दृष्टी' लिहितेस तो. त्यात दर वर्षी 'उत्तम' आहे हे मला पक्कं आठवतं. बाकीच्या रकान्यांनी समितीचा उगाच गोंधळ होईल.

डोळ्यांना काय झालं, असं तू विचारशील. विशेष काही नाही. थोडी गैरसोय आहे. दिव्यांना किंचित पिसारा फुटतो, अक्षरांना जराशी सावली पडते. बाकी सगळी कामं मी स्वतः करते. स्वयंपाक, बाजार, शेजाऱ्यांना शिस्त लावणं, सगळं. हे पत्रही माझ्याच हातचं आहे, आणि शाळेत मदरनी ज्या अक्षराला ओळीने सहा वर्षं बक्षीस दिलं, त्याच अक्षरात आहे.

फोन केला नाही, कारण फोनवर तू मधेमधे बोलतेस. शिवाय चौतीस वर्षं वजनमाप निरीक्षक म्हणून बाजार तुडवल्यावर तोंडी गोष्टींवरचा विश्वास उडतो. तोंडाने सगळेच दुकानदार पुरं माप देतात.

त्या दिवशी तू म्हणालीस, लेसर करू नकोस. मी म्हटलं, तुला तुझं गिऱ्हाईक टिकवायचंय. त्यावर तू माझा चष्मा पुसून माझ्या हातात दिलास आणि भर दुपारी दुकानाचं शटर ओढलंस. मी बोलले ते बोलले. त्याचा या कामाशी संबंध नाही.

ताई

ता. क. तुझ्या गुडघ्याचं कसं आहे? उत्तर दिलंच पाहिजे असं नाही.


१४ मार्च

चिंगे,

पोस्टकार्ड? माणूस दोन वर्षांनी सख्ख्या बहिणीला लिहितो आणि त्याला पोस्टकार्ड सुचतं? आणि अक्षर तरी काय! मुंग्यांनी शाईत पाय बुडवून कवायत करावी तसं. मी खिडकीत धरून पाहिलं, दिव्याखाली धरून पाहिलं. शेवटी वरच्या मजल्यावरच्या गृहस्थांना वाचायला दिलं, आणि तिथेच घात झाला.

हे गृहस्थ निवृत्त बसचालक आहेत. अख्खी इमारत त्यांना भोंगा म्हणते. फोन उचलला की तेही "भोंगा बोलतोय" असंच म्हणतात. जन्म इंजिनाच्या वरताण ओरडण्यात गेला, त्यामुळे हळू आवाज म्हणजे काय हे त्यांना ठाऊकच नाही. त्यात कार्ड वाचलं जिन्यात उभं राहून, कारण तिथे उजेड चांगला येतो.

"ताई!" भोंगा गरजला. "तुझ्या ओळी उजवीकडे उतरत गेल्यायत. तारखेतला तीन तू दोनदा गिरवलायस. एकाचे दोन दिसतात ना? डाव्या डोळ्याने जास्त?"

तळमजल्यावर शिंपीणबाईंचं मशीन थांबलं. मला स्पष्ट ऐकू आलं.

"जरा हळू वाचा," मी म्हटलं.

"हळूच वाचतोय, मॅडम. पुढे आहे अजून. 'रजिस्टर बघते. पण आधी सांग. मी तुला दिलेला कागद डॉक्टरांना दाखवलास का? चिंगी.'" भोंग्याने कार्ड उलटसुलट करून पाहिलं. "संपलं. कुठला कागद हो, मॅडम?"

"तुम्हाला काय करायचंय?"

"नाही, सहज. आणि चिंगी कोण?"

"आमची धाकटी."

"वयाने की अंगाने?"

अशा माणसाच्या हाती तू माझी अब्रू दिलीस.

तू माझ्या ओळींवरून माझा डोळा ओळखलास, तेव्हा आता लपवण्यात अर्थ नाही. होय, एकाचे दोन दिसतात. डाव्याने कधीकधी तीन. चंद्र तर मला घोसाने मिळतो. संध्याकाळी रस्त्यावरचे दिवे लागले की प्रत्येक दिवा कारंज्यासारखा उडतो. बघायला सुरेख असतं, पण त्यातून रस्ता ओलांडायचा असेल तर सुरेख म्हणायला फुरसत नसते. नव्या चष्म्याने काही फरक पडत नाही. तीन दुकानं झाली.

मागच्या आठवड्यात दातांच्या डॉक्टरांकडे गेले होते. बाहेरच्या खोलीत एक उंच गृहस्थ दाराशी उभे होते. मी म्हटलं, आपण आधी आलात, आपण आधी जा. ते हलेनात. पुन्हा म्हटलं. तरी नाही. तिसऱ्यांदा मात्र मी सुनावलं, की सभ्य माणसाने निदान मान तरी हलवावी. तेव्हा बाकावरची एक बाई म्हणाली, "अहो, तो माझ्या मिस्टरांचा कोट आहे." खुंटीवर टांगलेला. माझं म्हणणं एवढंच, की कोटाशीसुद्धा मी रीतीला धरून वागले. मिस्टर आतून दात काढून आले, तेही हसले. रक्ताळलेला बोळा तोंडात धरून.

कागदाचं म्हणशील, तर तसा काही कागद मला आठवत नाही. तू रकाना पाठव.

ताई


२७ मार्च

चिंगे,

तुझं दुसरं कार्ड आलं. भोंग्याने ते दोन्ही बाजूंनी वाचलं, कारण त्यांचा विश्वासच बसेना की त्यात एकच शब्द आहे.

"आठव!"

बास. आता मला या इमारतीत राहायची सोय उरली नाही. सकाळी दूध घ्यायला खाली उतरले की शिंपीणबाई तोंडात टाचण्या धरून विचारतात, "आठवलं का?" पहिल्या मजल्यावरचा सुतार दार घासता घासता म्हणतो, "काय मॅडम, आठवलं?" काल कचरा नेणाऱ्या बाईने विचारलं. मी तिला आजवर 'पिशवी नीट बांधलेली नव्हती' यापलीकडे एक वाक्य बोललेले नाही. इमारतीत दोन पक्ष पडले आहेत. एक म्हणतो कागद हरवला, दुसरा म्हणतो कागद नव्हताच. तिसराही एक पक्ष असावा, पण तो माझ्यासमोर बोलत नाही.

तरी तुला वाटत असेल की मी कोपऱ्यात बसून टिपं गाळते, तर तसं अजिबात नाही. मी औषधांच्या बाटल्यांना बटणं बांधली आहेत. एक बटण सकाळ, दोन बटणं संध्याकाळ. डोळ्यांत घालायच्या थेंबांना कोटाचं मोठं बटण, कारण ते दर दीड तासाने लागतात. पायऱ्यांच्या कडांना पांढरा रंग मारून घेतला. इमारतीने कुरकुर केली, आता त्याच पायऱ्या सगळे बिनधास्त उतरतात. बसचा नंबर मला दिसत नाही, तर भोंगा गॅलरीतून ओरडून सांगतात. "मॅडम, ही नाही! ही बंदराची! मागची धरा!" अख्खा थांबा त्याप्रमाणे बस पकडतो. मागच्या बुधवारी ते दाढी करत होते आणि ओरडायला आले नाहीत, तर चार जण बंदरावर पोचले. त्यांतली एक मी. फार छान वारा होता. आम्ही चौघांनी तिथे बाकावर बसून सँडविच खाल्लं आणि भोंग्याला यथेच्छ नावं ठेवली.

आणि परवाची गोष्ट तर तुला सांगितलीच पाहिजे. बाजारात एक नवा भाजीवाला बसतो. दोन किलो बटाटे घेतले. पिशवी हातात घेतली आणि मी तिथेच थांबले.

"हे दोन किलो नाहीत," मी म्हटलं.

"बाई, काटा समोर आहे. बघा की."

"काटा मला दिसत नाही. म्हणूनच तर कळलं. नव्वद ग्रॅम कमी आहेत. जास्तीत जास्त शंभर."

तो हसला. म्हणाला, "डोळ्याला दिसत नाही आणि हाताला दिसतं होय?" गर्दी जमली. शेजारच्या अंडीवाल्याने आपला काटा पुढे केला. पिशवी ठेवली. अंडीवाल्यानेच मोठ्याने वाचलं, एक किलो नऊशे पाच. चिंगे, टाळ्या पडल्या! चौतीस वर्षांत मला कुणी टाळ्या वाजवल्या नव्हत्या, दुकानं मात्र पटापट बंद व्हायची. भाजीवाल्याने बटाटे पुरे केले आणि वर एक मुळा दिला. मुळा मी परत केला. जास्तीचं मापसुद्धा चुकीचंच असतं.

घरी येताना मी गुणगुणत होते. शाळेतलं ते चर्चमधलं गाणं, ज्यात तुझा सूर नेहमी जिन्यावरून पडायचा.

कागद आठवला. तू म्हणतेस तो. माझ्या पर्समध्ये राहून गेला असावा. त्या दिवशी हॉस्पिटलात फार गडबड होती.

रकाना अजून आलेला नाही.

ताई


९ एप्रिल

चिंगे,

तुझं बंडल पोचलं. पोस्टमनने विचारलं, "गालिचा आहे का?"

सोळा तक्ते! कॅलेंडरांच्या पाठकोऱ्या बाजूवर, जाड काळ्या पेनाने, मुठीएवढ्या अक्षरांत. बैठकीतल्या खुर्च्या भिंतीला लावल्या, तक्ते जमिनीवर ओळीने मांडले आणि मी स्टुलावर उभी राहून वाचले. दोन वर्षांत पहिल्यांदा कुणाचं पत्र मी स्वतः वाचलं. भोंगा दारात येऊन उभे राहिले आणि म्हणाले, "मॅडम, मी वाचू का?" मी म्हटलं, "गरज नाही. आणि तुम्ही माझ्या बहिणीच्या आठव्या पानावर उभे आहात."

ते अक्षर लिहायला तुला किती वेळ लागला असेल? तुझ्यासारख्या मुंगी-अक्षराच्या बाईला?

सगळे रकाने पाठवलेस. मागितला एक, आले सहा. 'नंबर स्थिर नाही. तीन वर्षं सतत बदलतो आहे. बुबुळावरचा पारदर्शक पडदा पातळ. माझ्या मते लेसर करू नये. डॉक्टरांनी ही नोंद बघून ठरवावं.' त्या कागदावर होतं ते शब्दन् शब्द. आणि पंधराव्या तक्त्यावर फक्त एवढंच: 'राहून गेला नव्हता ना?'

नव्हता.

राहून गेला नव्हता. ठेवला होता.

ऐक आता. डॉक्टर चांगला माणूस होता. सव्वीस पानांत मी त्याला काय काय म्हटलंय, पण माणूस चांगला होता. त्याने खुर्ची पुढे ओढली आणि विचारलं, "जुन्या नोंदी काही आहेत? नंबर किती वर्षं स्थिर आहे?" पर्स माझ्या मांडीवर होती. कागद आत होता. तू चौघडी करून दिला होतास तसाच. माझा हात पर्सच्या कडीवर होता. मी म्हटलं, "नोंदी नाहीत. नंबर दहा वर्षं तोच आहे." तो म्हणाला, "यंत्रावरचे आकडे अगदी काठावर आहेत. पण नंबर इतकी वर्षं हलला नसेल तर करायला हरकत नाही."

मी पोकळ वजनं पकडली आहेत. पारड्याखाली चिकटवलेलं मेण पकडलंय. एक महाभाग ताटाखाली लोहचुंबक लावून बसायचा, त्याला मी सगळ्या बाजारासमोर ताट उलटं करायला लावलं होतं. आणि त्या खुर्चीत बसून मी काय केलं? खोटं माप दिलं. तेही स्वतःच्याच डोळ्यांचं.

का, ते तुला माहीत आहे. सातव्या वर्षापासून नाकावर चष्मा. शाळेत मला सोडावॉटर म्हणायचे, बाटलीच्या बुडासारख्या काचा म्हणून. तूही एकदा म्हणालीस आणि मी तुझी वेणी ओढली. निवृत्तीच्या दिवशी ऑफिसने फोटो काढला. फोटोत मला मी दिसलेच नाही, दोन पांढऱ्या चकत्या दिसल्या, चकाकणाऱ्या. तेव्हा ठरवलं. आणि एकदा ठरवल्यावर मला कुणी नापास करावं, आणि तेही धाकटीने, हे मला सहन होईना.

एक मात्र कबूल करते, आणि हे मी तक्रारीत कुठेही लिहिलं नव्हतं. ऑपरेशननंतर अकरा आठवडे मला सगळं स्वच्छ दिसत होतं. सकाळी डोळे उघडले की समोरच्या भिंतीवरचा तडा दिसायचा. नुसत्या डोळ्यांनी! मी त्या तड्याकडे बघत अंथरुणात पडून राहायचे. आरशात मला माझ्या पापण्यांचे केस दिसले, अठ्ठावन्नाव्या वर्षी पहिल्यांदा. पोहायला गेले आणि तलावाच्या पलीकडच्या काठावरच्या बाईच्या टोपीवरची फुलं मोजली. बाराव्या आठवड्यात फुलांना सावली पडली. पातळ पडदा पुढे फुगत गेला, तू म्हणाली होतीस तसा. पण ते अकरा आठवडे मी कुणालाही परत देणार नाही. तू खुशाल ओरड.

तक्रार मागे घेतली. एका ओळीचं पत्र. सव्वीस पानं चार दिवसांत लिहिली होती, ही एक ओळ लिहायला पाच दिवस लागले. डॉक्टरांना वेगळं लिहिलं, तेही आज पोस्टात पडलं. मग जिन्यात उभी राहिले आणि भोंग्याच्या आवाजात जाहीर केलं, "कागद होता. मी तो दाखवला नाही. मुद्दाम."

मशीन थांबलं. शिंपीणबाई खालून म्हणाल्या, "अहो, ते आम्हाला पहिल्याच दिवशी कळलं होतं. तुमच्या तोंडून ऐकायचं होतं, इतकंच." आणि मशीन पुन्हा सुरू. तो तिसरा पक्ष म्हणजे सगळी इमारतच होती.

काउंटरवर मी तुला जे म्हटलं, त्याविषयी अजून लिहवत नाही. लेखणी तिथे येऊन बसते आणि उठतच नाही.

सोळाव्या तक्त्याच्या कोपऱ्यात तू लिहिलंयस, 'मोठी कडक लेन्स. बघू.' बघू म्हणजे काय? येऊ का?

ताई


२ मे
तुझ्या दुकानाची मागची खोली

चिंगे,

तू पुढे काउंटरवर आहेस आणि मी इथे तुझ्या खोक्यांमध्ये बसून तुला पत्र लिहिते आहे. मधे एक पडदा आहे. तुला हे हास्यास्पद वाटेल. वाटू दे. काही गोष्टी मला तोंडाने बोलता येत नाहीत, आणि काल बोलले तेव्हा माझे शब्द वेडेवाकडे पडले. म्हणून लेखी.

आधी लेन्सविषयी. तू मला आठ दिवस जे छळलंस त्याची नोंद कुठेतरी राहिली पाहिजे. बशीएवढी ती लेन्स—

("बशीएवढी नाही, नखाएवढी आहे," असं तू म्हणशील. डोळ्यात जाताना ती बशीएवढीच असते.)

—त्या लेन्समध्ये पाणी भरायचं, ती रबरी दांडीवर तोलायची, मान खाली घालायची आणि आपणच आपल्या डोळ्यावर चाल करून जायचं.

"खाली बघ. मिटू नकोस."

"मिटत नाहीये."

"मिटलास."

"आपोआप मिटला."

"चौतीस वर्षं डोळे वटारून बाजार घाबरवलास, आता पाच सेकंद वटार म्हटलं तर जमत नाही?"

"बाजार माझ्या डोळ्यात बोट घालत नव्हता, चिंगे."

सात वेळा पडली. एकदा माझ्या चहात. तो चहा मग तू गाळणीने गाळलास आणि लेन्स शोधलीस, आणि धुता धुता इतकी हसलीस की गुडघा धरून खाली बसलीस. गुडघ्याचं उत्तर मला असं मिळालं.

आठव्या वेळी बसली. मी मान वर केली. समोर तू होतीस. एकच. दोन वर्षांत मी एवढं एकच असं काही पाहिलं नव्हतं. तुझ्या भुवया पांढऱ्या झाल्यात. कुणीच सांगितलं नव्हतं मला. हनुवटीवर एक केस आहे, तोही पांढरा. हे मी तुला तेव्हाच सांगितलं आणि तू म्हणालीस, "आली का परत निरीक्षणाला?"

सगळं काही सुधारलेलं नाही, तेही लिहिते. दिव्यांना अजून पिसारा आहे, पण मोराचा होता तो आता कोंबड्याचा झालाय. सहा तासांनी डोळा लाल होतो आणि लेन्स काढावी लागते, मग पुन्हा घोस आणि कारंजी. बटणं बाटल्यांवर राहणार आहेत, भोंगा गॅलरीत राहणार आहेत. काल त्यांचा फोन आला होता, तू बाहेर गेली होतीस. बसथांब्यावरचे लोक माझी चौकशी करतात म्हणे. त्यांनी विचारलं, "मॅडम, चिंगी आहे का तिथे? आवाज तरी ऐकवा." मी म्हटलं, फोन न करताही तुमचाच आवाज इथवर ऐकू येईल.

आता कालचं.

ती क्रेनवाली बाई आली. उंच इमारतींच्या कामावर क्रेन चालवते. म्हणाली, वर साठ मीटरवर बसते, घामाने चष्म्यावर वाफ धरते आणि खाली माणसं असतात. लेसर करून घेऊ का?

मी पडद्याआडून ऐकत होते. आणि तू काय म्हणालीस? एका फ्रेमचा स्क्रू पिळता पिळता म्हणालीस, "मला विचारू नका. मी चष्मे विकते. मी नको म्हटलं तर लोकांना वाटतं, गिऱ्हाईक सोडवत नाही हिला. आत माझी ताई आहे, तिने केलंय. तिला विचारा."

दोन वर्षं तू तो स्क्रू पिळत होतीस, चिंगे. बरोबर माझ्या मांसात घातलास. आणि मग पाठ वळवून काचा घासायच्या मशीनपाशी जाऊन उभी राहिलीस.

मी बाहेर आले. क्रेनवालीला सगळं सांगितलं. अकरा आठवडे सांगितले, तिचे डोळे चमकले. कोट सांगितला, ती हसली. मग कागद सांगितला. पर्स, कडी, दहा वर्षं स्थिर. ती हसायची थांबली.

"पण तुम्ही दाखवला का नाही?" तिने विचारलं.

मी म्हटलं, "कारण तो माझ्या बहिणीने लिहिला होता आणि तो खरा होता. मला तो खरा नको होता. म्हणून मी हिला म्हटलं, तुला तुझं गिऱ्हाईक टिकवायचंय. इथेच, याच काउंटरवर. बोलताना मला माहीत होतं की ते खोटं आहे. मी आयुष्यभर खोटी मापं शोधत फिरले. खरं माप देणारी एकच दुकानदार मला भेटली, आणि तिलाच मी चोर म्हटलं. माझ्या डोळ्यांचं झालं ते झालं. ते माझ्या जिवाला एवढं लागलेलं नाही. हे लागलंय."

क्रेनवालीने चष्मा काढून पुसला आणि म्हणाली, "मग मी करू की नको?"

"हिला डोळे तपासू दे. ही जे लिहील ते डॉक्टरांच्या हातात द्या. हातात, पर्समध्ये नाही. मग दोघं म्हणाली कर, तर बिनधास्त करा, आणि वर बसून आम्हाला हात करा."

ती पुढच्या शनिवारी येते म्हणाली आणि गेली. तू वळली नाहीस. नंतर जेवताना तू फक्त मीठ मागितलंस. मी दिलं. झोपताना मला थेंब घातलेस, नेहमीपेक्षा एक जास्तच. 

आता मला एवढंच हवंय. मी बोलत होते तेव्हा तू पाठमोरी होतीस आणि तुझे खांदे हलत होते. लेन्स डोळ्यात होती, खांदे मला अगदी स्वच्छ दिसले, एकेक. मशीन बंद होतं, तेव्हा मशीनचं निमित्त सांगू नकोस. पण तू हसत होतीस की रडत होतीस, ते मला पाठीवरून कळलं नाही.

उलट टपाली कळव. मी आतच आहे.

ताई